चिकटवहीतला युरोप

परदेशवारी करून आलेल्या घरी एके काळी एक विधी ठरलेला असे. चहाबरोबर पाहुण्यांपुढे छायाचित्रांचा अल्बम ठेवला जाई. आयफेल मनोऱ्यासमोर उभे असलेले दांपत्य, बर्फात उभे असलेले दांपत्य, पिसाच्या कलत्या मनोऱ्याला हाताने टेकू देणारे गृहस्थ. पाहुणे चार पाने उलटत, ‘छान, छान’ म्हणत आणि चिवड्याकडे वळत. त्यात त्यांचे काही चुकत नसे. अशी छायाचित्रे ‘आम्ही तेथे होतो’ एवढेच सांगतात. तेथे काय घडले, हे सांगण्याचे सामर्थ्य त्यांच्या अंगी क्वचितच असते.

ते सामर्थ्य असते किरकोळ कागदांत. वापरलेली तिकिटे, दुकानाच्या पावत्या, हॉटेलने दिलेला गावाचा नकाशा, खर्च न झालेली एखादी नोट. प्रवासाची आठवण खरोखर जतन करायची असेल, तर हे सारे जमवून चिकटवही करावी आणि ती विनाविलंब करावी. चिकटवहीचा छंद बालिश मानण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक मार्क ट्वेनसारख्या लेखकाला या वह्यांचे एवढे वेड होते की, त्याने १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते.

वडोदऱ्यातील एका निवृत्त मराठी दांपत्याने मात्र हे काम पाव शतकाहून अधिक काळ लांबणीवर टाकले. बाई बालवाडीच्या शिक्षिका, यजमान बांधकाम खात्यात अभियंते. मे १९९९ मध्ये दोघांनी फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीची सहल केली. परतल्यावर सगळे कागद एका पिशवीत भरून माळ्यावर गेले. ‘सवडीने लावू’ असे ठरले. ती सवड मिळाली नाही. गेल्या पावसाळ्यात पिशवी खाली आली, ती सवड मिळाली म्हणून नव्हे. यजमानांना माणसांची नावे आठवेनाशी झाली होती, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणाने बाईंना घाई झाली होती.

पिशवीत प्रथम निघाले विमानाचे तिकीट, तांबड्या कार्बनच्या अक्षरांचे. १ जून २००८ पासून जगातील विमान कंपन्यांनी कागदी तिकिटे बंद केली. तेव्हा हे चोपडेही आता दुर्मीळच. पारपत्रावरील शिक्केही त्याच वाटेने निघाले आहेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद करण्यास प्रारंभ झाला. प्रवासी आता जिकडून येतो तिकडे काहीच कागद उरत नाही, हे सोयीचे खरे. पण पुढच्या पिढीच्या माळ्यावर मग काय सापडणार?

त्यानंतर युंगफ्राउयोखचे तिकीट. ३,४५४ मीटर उंचीवरचे हे स्थानक. डोंगराच्या पोटातून बोगदा खोदण्याचे काम १८९६ मध्ये सुरू झाले आणि १९१२ मध्ये गाडी वर पोहोचली. अभियंत्याला बोगद्यात गाडी थांबली तेव्हा आयगरच्या कड्यातून बाहेर पाहिलेली खिडकी आठवत होती. बाईंना आठवत होते ते वर गेल्यावर काढलेले थेपले आणि थंडीने आखडलेली बोटे. दोघांच्या आठवणी एकाच तिकिटाच्या दोन बाजूंना लिहिल्या गेल्या.

खरा वेळ गेला तो नोटांपाशी. बाईंनी इटलीची एक हजार लिराची नोट जपून ठेवली होती, कारण तिच्यावर मारिया माँटेसरींचे चित्र होते. द्वितीय महायुद्धाच्या काळात कित्येक वर्षे भारतात राहून शिक्षकांना घडविणाऱ्या या विदुषीचे नाव बालवाडीच्या बाईंना घरच्यासारखे. रोममध्ये सुटे म्हणून हाती आलेली ती नोट त्यांनी खर्चूच दिली नाही. १९३६.२७ लिरांचा एक युरो या दराने तिचे मोल अर्ध्या युरोहून किंचित अधिक. २००२ मध्ये लिरा व्यवहारातून गेला आणि कालांतराने तेही मोल उरले नाही. यजमानांची नोट दहा स्विस फ्रँकची, पिवळी. तिच्या दर्शनी बाजूस वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए आणि मागील बाजूस चक्क आपल्या चंडीगढमधील इमारती! परक्या देशाच्या नोटेवर सचिवालय आणि उच्च न्यायालय पाहून त्यांनी ती सहलीतल्या प्रत्येकाला दाखविली होती. ही मालिका ३० एप्रिल २०२१ पासून चलनातून बाद झाली असली, तरी स्विस नॅशनल बँक ती मुदतीविना बदलून देते. बदलून घेण्याचा विचार अर्थातच कोणी केला नाही.

अशा नोटा वहीत ठेवण्यास नियमांची आडकाठी नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीस प्रवासाहून परतल्यावर २,००० अमेरिकी डॉलरच्या मूल्यापर्यंतच्या विदेशी नोटा जवळ बाळगता येतात. नाण्यांना तर मर्यादाच नाही. फक्त नोटेला गोंद लावू नये. कोपऱ्यांना कागदी खोबणी करून ती त्यात बसवावी. घरगुती खळ तर टाळावीच. पावसाळ्यात ती झुरळांना आमंत्रण देते.

पावत्यांच्या बाबतीत मात्र विलंबाची किंमत चुकवावी लागली. दुकानातील यंत्रातून निघणारी पावती बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावरची असते. तिला शाई नसतेच. ऊन, उष्मा आणि प्लास्टिकचा सहवास यांनी अक्षरे विरून जातात. प्लास्टिकच्या पिशवीत माळ्याच्या उकाड्यात पडलेल्या या पावत्यांपैकी बहुतेक कोऱ्या झाल्या होत्या. घरी येताच त्यांच्या छायाप्रती काढल्या असत्या, तर चार-आठ रुपयांत काम झाले असते.

त्यांतील एक कोरी पावती ल्युसर्नच्या नकाशात घडी घालून ठेवलेली होती. ल्युसर्नचा लाकडी चॅपेल पूल ऑगस्ट १९९३ मध्ये जळाला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. छताखालची बहुसंख्य जुनी चित्रे मात्र त्या आगीत गेली. काही चौकटी रिकाम्याच राहिल्याचे बाईंना स्मरत होते. पावती कशाची, हे काही केल्या स्मरेना. “अहो, हे काय घेतलं होतं आपण?” त्यांनी विचारले. यजमानांनी तो कागद उजेडात धरला, उलटसुलट केला, नकाशावर ठेवला. बराच वेळ गेला.

“छत्री,” ते म्हणाले.

बाईंना त्या दिवशीचा पाऊस आठवला. छत्री आठवली नाही. त्यांनी कोरी पावती नकाशाशेजारी चिकटविली, खाली पेन्सिलीने ‘छत्री’ लिहिले आणि पुढचे पान उलटले.