झटक्यानंतरचे भय

हृदयविकाराचा झटका आलेला माणूस बांबोळीहून सुखरूप परततो, त्या दिवशी घरी देवापुढे नारळ फुटतो. आप्तेष्ट भेटून जातात, 'थोडक्यात निभावले' म्हणतात आणि उठताना 'आता जपा' असे बजावतात. खरे दुखणे पुष्कळदा त्यानंतर सुरू होते. रात्री दिवा मालवला की रुग्ण छातीवर हात ठेवून ठोके मोजू लागतो. वायूने कळ आली तरी त्याला दरदरून घाम फुटतो. न्हाणीघराची कडी आतून लावण्याचा धीर होत नाही. जत्रा, लग्नकार्ये तो टाळू लागतो. पत्नीजवळ जाण्याचेही भय वाटते; ते तो डॉक्टरांना विचारीत नाही आणि डॉक्टरही आपण होऊन सांगत नाहीत. घरची माणसे मायेपोटी त्याला पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाहीत, आणि काल घर चालविणारा पुरुष आपल्याच सोप्यावरचा पाहुणा होऊन बसतो. रुग्ण स्त्री असेल तर प्रकार उलटा. आठवडाभरात ती चुलीपुढे उभी राहते, आणि तिच्या मनात काय चालले आहे हे विचारण्याचे कोणाला सुचतही नाही. ह्या अवस्थेला आपल्याकडे 'खचला' हा एकच शब्द आहे आणि 'मन घट्ट करा' हा एकच उपाय.

हृदयापुरते पाहिले तर ह्या चिमुकल्या राज्याने मोठी मजल मारली आहे. २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'स्टेमी गोवा' प्रकल्पाने गावाकडील सरकारी केंद्रे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडली. छातीत कळ आलेल्या माणसाचा ईसीजी तेथून तज्ज्ञांना पाठवायचा आणि गरज असल्यास रक्ताची गुठळी विरघळविणारे महागडे इंजेक्शन तेथल्या तेथे मोफत द्यायचे, अशी ही योजना आहे. तिच्याबद्दल शासनाचे आणि डॉक्टरांचे अभिनंदन करण्यास आम्हांला मुळीच संकोच वाटत नाही. पण वाचविलेला जीव घरी गेल्यावर कसा जगतो, हे पाहणे कोणाचे काम?

हा केवळ हळवेपणाचा प्रश्न नव्हे. कॅनडातील माँट्रियल येथे झटका आलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास झाला व तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयात असतानाच ज्यांना नैराश्याने ग्रासले होते, त्यांच्यात पुढील सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक आढळले. हृदयाची इजा कमी की जास्त, हे हिशेबात धरूनही. पुढे अनेक अभ्यासांनी त्यास दुजोरा दिला आणि २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनी अशा रुग्णांतील नैराश्याला धोक्याचा घटक मानावे अशी शिफारस केली. कारणे समजण्यास अवघड नाहीत. खचलेला माणूस गोळ्या चुकवितो, चालणे सोडतो, विडी पुन्हा शिलगावतो.

तेव्हा मानसोपचार केला की आयुष्य वाढते, असे म्हणावे काय? येथे आम्ही वाचकांना भुलविणार नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या प्रयोगात झटका येऊन गेलेले, उदास किंवा एकाकी असे २४८१ रुग्ण होते. उपचाराने त्यांची उदासीनता काहीशी ओसरली, एकाकीपण घटले. मृत्यू किंवा दुसरा झटका मात्र टळला नाही. उलट स्वीडनमधील उप्साला येथे ३६२ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना लहान गटांत बसवून वर्षभरात वीस बैठका दिल्या. सुमारे आठ वर्षांच्या पाहणीत त्यांच्यात हृदयरोगाच्या पुन्हा उद्भवणाऱ्या घटना ४१ टक्क्यांनी कमी आढळल्या. तो अहवाल २०११ चा. न्यायनिवाडा अजून पुरा झालेला नाही. परंतु रात्रीची झोप, पुन्हा कामावर जाण्याचा धीर आणि घरातील मोकळेपणा ह्यांची किंमत मृत्यूच्या आकड्यांतच मोजली पाहिजे, असे थोडेच आहे? मोडलेला हात आपण जोडतो, तो आयुष्य वाढावे म्हणून नव्हे.

मानसोपचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेड्यांचे इस्पितळ उभे राहते. वस्तुतः येथे करावयाचे ते अगदी साधे असते. भीती नेमकी कोणत्या विचाराने येते हे कागदावर उतरवून घ्यायचे, तो विचार पारखायचा, आज अंगणापर्यंत तर चार दिवसांनी तिठ्यापर्यंत असे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालवीत न्यायचे आणि घरच्यांनाही समोर बसवून समजवायचे. कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि प्रभाव प्रयोगकर्त्याच्या हातात नसून समोरच्याच्या मनात असतो, असे ठासून सांगितले. त्यांचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयालगत उभा आहे. त्यांचेच भूमिपुत्र आपण, पण मनाच्या डॉक्टरकडे जाताना कोणी पाहत तर नाही ना, म्हणून मागे वळून बघतो.

एवढे तज्ज्ञ आणायचे कोठून, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर गोव्यातच मिळालेले आहे. 'संगत' ह्या १९९६ साली येथे स्थापन झालेल्या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर प्रयोग केला. सहा ते आठ बैठका घेणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनी त्यांच्याकडील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट'ने तो छापला. हे रुग्ण हृदयविकाराचे नव्हते, हे खरे. पण भीतीने अंगणात न उतरणाऱ्या माणसाला हीच रीत लागू पडू नये असे कारण आम्हांस दिसत नाही.

पैशाचा प्रश्न राहतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शरीराच्या आणि मनाच्या आजाराला विम्यात समान लेखण्यास सांगितले आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच उघडतात, आणि समुपदेशनाला कोणी खाटेवर झोपत नाही. म्हणून हे काम सरकारी केंद्रातच झाले पाहिजे. झटक्यानंतरच्या पहिल्या फेरतपासणीत रक्तदाबाबरोबर दोन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास असते काय, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे काय? त्याला मिनिटभरही लागत नाही. उत्तर 'होय' असे आले, तर रुग्णाला त्याच केंद्रात कोणाच्या खोलीकडे पाठवायचे, हे मात्र आरोग्य खात्याने आधी ठरवावे लागेल.