अद्भुत रम्यच असले पाहिजे काय?

'फँटॅस्टिक' हे विशेषण आता मराठीच होऊन गेले आहे. चहा फँटॅस्टिक, निकाल फँटॅस्टिक, निघोजचे रांजणखळगेही फँटॅस्टिक. 'उत्तम' एवढाच अर्थ त्यात उरला आहे. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. समीक्षेत मात्र या शब्दासमोर आपण कोणता मराठी शब्द ठेवतो, याचा विचार व्हायला हवा.

त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९७० साली या संज्ञेला नेमका अर्थ दिला. घडलेली गोष्ट नैसर्गिक की अतिमानवी, याचा निर्णय होत नाही तोवर वाचकाची जी द्विधा असते, ती म्हणजे फँटॅस्टिक. निर्णय झाला की ते संपले.

आमच्या पारनेर तालुक्यात हे समजावणे सोपे आहे. निघोजला कुकडीच्या पात्रातील खडकात, प्रवाहाबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी रांजण कोरले. ते पाहून माणूस चकित होतो. पण कारण ठाऊक आहे. त्याच गावी मळगंगेच्या यात्रेत बारवेतून घागर आपोआप वर येते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तिथेही द्विधा नाही. या दोन निश्चितींच्या मध्ये थबकलेला जो माणूस, त्याची अवस्था तोदोरोव्हला अभिप्रेत आहे.

मराठी समीक्षेत यासाठी बहुधा 'अद्भुतरम्य' किंवा 'कल्पनारम्य' म्हटले जाते. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) अशा कादंबऱ्यांना, म्हणजे 'रोमान्स'ला, ते शब्द शोभतात. परंतु 'रम्य' जोडताच संशय आणि भय बाहेर राहतात. भरताने अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय सांगितला, रम्यता नव्हे. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा'तील 'इस्किलार' वाचून कोणाला रम्य वाटेल? आणि नारायण धारपांची भयकथा? शब्द पुरत नाही, म्हणून पहिलीची बोळवण आपण 'रूपककथा' म्हणून करतो आणि दुसरीची 'करमणूक' म्हणून. वाचकाला अनिश्चितीत ठेवण्याची दोघांची रीत कशी वेगळी आहे, हा खरा वाङ्मयीन प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

नवा शब्द घडवण्याची गरज नाही. शेपूट काढून नुसते 'अद्भुत' म्हणावे. त्यात विस्मय आहे, धास्तीलाही जागा आहे. निदान विद्यार्थ्यांच्या टिपणांत तरी 'रम्य' हा शब्द सवयीने येऊ नये. जिथे रम्यता आहे, तिथेच तो यावा.