आजारपणाचं निमित्त

आर्थर मिलरच्या नाटकावरचा ‘ऑल माय सन्स’ (१९४८) हा चित्रपट प्रत्येक कारखानदाराने पाहावा. महायुद्धाच्या धामधुमीत जो केलरच्या कारखान्यातून विमानांच्या इंजिनांसाठी तडा गेलेली सिलिंडर हेड्स रवाना होतात आणि २१ वैमानिक प्राणाला मुकतात. माल पाठवायचा हुकूम जोचाच, तोही फोनवरून. स्वतः आजारपणाचं निमित्त करून घरी. म्हणून तो सुटतो, भागीदार तुरुंगात खितपत पडतो. एडवर्ड जी. रॉबिन्सनने उभा केलेला हा जो केलर काही राक्षस नाही, कुटुंबवत्सल माणूस आहे, हेच भयंकर. आपण सारं पोरांसाठी केलं, अशी त्याची सबब. मेलेलेही कुणाची तरी पोरंच होती! बाप म्हणून त्याचा कळवळा येतो. पण त्याला माफ करता येत नाही, करूही नये.