गलोलीचा नेम डब्यावर

पेरूच्या फांदीची बेचकी, सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या आणि चामड्याचा तुकडा. झाली गलोल तयार! नाशकात बंगल्यातल्या पेरूवर पोपट उतरले की हीच आठवते.

पण बुलबुल असो वा पोपट, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जखमी करणे हीसुद्धा शिकारच. पूर्वी कावळा आणि उंदीर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. १ एप्रिल २०२३पासून ती यादी असलेले कायद्याचे परिशिष्टच गेले. उंदरासाठी तर पिंजरा पुरतो. नेम धरेपर्यंत तो थांबतो कुठे?

हरसूल, पेठ, सुरगाणा पट्ट्यात वन विभागाने मुलांना गलोली सोडायला लावल्या, हे योग्यच झाले. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर २०२०मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले; त्याच जिल्ह्यात पाखरांवर दगड शोभत नाहीत. द्राक्षबागाईतदार जाळी लावतो, चमकणाऱ्या पट्ट्या बांधतो; घरच्या पेरूला कापडी पिशवी बांधणे त्याहून सोपे.

नेमबाजीची हौस मात्र मोडू नये. रिकामा डबा टांगावा, मागे जाड गोणपाट सोडावे, डोळ्यांवर गॉगल हवा आणि गोटीऐवजी मातीची वाळलेली गोळी. भिंतीवर आपटलेली गोटी उलटून डोळ्यातही येते.