सायकलचे दुखणे आणि फूटपट्टीचे निदान

जळगावात मेहरूण तलावाच्या परिसरात सकाळी दोन प्रकारच्या सायकली दिसतात. एक गिअरची, वजन आणि साखर आटोक्यात ठेवण्यासाठी घेतलेली. दुसरी साधी, बिनगिअरची, कामावर किंवा शाळेत पोहोचवणारी. पहिली बंद पडली तर व्यायाम थांबतो. दुसरी बंद पडली तर हजेरी बुडते. पंक्चर सगळ्यांना कळते आणि थोड्या वेळात निघते. सायकल महिनोन् महिने कोपऱ्यात पडून राहते ती अनेकदा वेगळ्या दुखण्याने. चेन उतरते, जोर दिला की पायडल सटकते, कुठून तरी कटकट आवाज येतो, गिअर पडत नाही. सायकल जड चालते म्हणून चालवणे कमी होते आणि मग बंदच होते.

यातली बहुतेक दुरुस्ती अवघड नाही. निदान होत नाही, हे खरे दुखणे आहे. चेन घसरते म्हटले की चेन बदलली जाते. तरीही घसरते, मग फ्रीव्हील बदलले जाते. कटकट थांबत नाही म्हणून पायडल नवीन येते. ताप का आला हे न पाहता एकामागून एक गोळ्या बदलाव्यात, तसा हा प्रकार. पैसे जातात, आजार तिथेच राहतो. सायकल आरोग्यासाठी चांगली असे सांगणाऱ्यांनी सायकलचे आरोग्य कसे तपासायचे हेही सांगायला हवे, आणि त्याची योग्य जागा शाळा आहे.

यंत्रणा डोळ्यांना दिसणारी आहे. पायडलवरचा जोर क्रँकमधून पुढच्या चेनव्हीलला, तिथून चेनने मागच्या फ्रीव्हीलला आणि फ्रीव्हीलमधून चाकाला मिळतो. चेनची आजची घडण, म्हणजे आत पिन, तिच्याभोवती नळी आणि नळीवर फिरणारी फिरकी, हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला साकारली. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. साधी सायकल असो की महागडी, हे माप जवळजवळ सगळीकडे सारखेच.

म्हणूनच चेनची पहिली तपासणी दप्तरातल्या फूटपट्टीने होते. अर्ध्या इंचाच्या २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. चेनचा ताणलेला भाग निवडावा, एका पिनेचा मध्य शून्यावर धरावा आणि २४ कड्या मोजून पुढची पिन कुठे येते ते पाहावे. ती १२ इंचांच्या खुणेवर असेल तर चेन ठीक. खुणेच्या पुढे सुमारे ३ मिलिमीटर गेली असेल तर झीज एक टक्का झाली; साध्या सायकलची चेन आता बदलावी. गिअरच्या सायकलला इतके थांबू नये. तिथे पाऊण टक्का, म्हणजे सव्वादोन मिलिमीटर, ही मर्यादा. मागे अकरा-बारा चकत्या असतील तर अर्धा टक्का, म्हणजे दीड मिलिमीटर.

याला बोलीत ‘चेन लांबली’ म्हणतात. पण पोलाद ताणून लांब झालेले नसते. प्रत्येक पिन आणि नळी किंचित झिजते, आणि शंभरावर सांध्यांची ती ढिलाई एकत्र होऊन लांबी वाढते. अशी चेन दातांच्या खोबणीत नीट बसत नाही, दातांवर चढते आणि त्यांनाही झिजवते. दात मग एका बाजूला वाकल्यासारखे, टोकदार दिसू लागतात. एकदा हे झाले की नवी चेन जुन्या फ्रीव्हीलवर बसत नाही, जोर देताच उडी मारते. वेळेवर बदललेली चेन फ्रीव्हील आणि चेनव्हील दोन्ही वाचवते. उशीर केला की तिन्हींचा खर्च एकदम येतो.

दुसरी तपासणी कानाची. चांगले मिस्त्री आवाज ऐकूनच निम्मे निदान करतात, आणि त्यामागचे तर्कशास्त्र कोणालाही शिकता येते. प्रश्न तीनच आहेत. पाय थांबवले तर आवाज थांबतो का? किती फेऱ्यांनी एकदा येतो? जोर दिल्यावरच येतो का?

पाय थांबवूनही, चाक फिरत असताना, घासल्याचा आवाज येत राहिला तर दोष बहुधा चेनमध्ये नाही. ब्रेक, मडगार्ड किंवा चाकाच्या एक्सलचे छर्रे पाहावेत. फ्रीव्हीलची बारीक टिकटिक तेवढी सोडून द्यावी, ती त्याची नेहमीची आहे. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ठोका येत असेल तर पायडल, क्रँक, क्रँकची सैल झालेली कॉटर पिन किंवा वाकलेले चेनव्हील यांपैकी एक जण गुन्हेगार. आणि ठोका साधारण अडीच फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनची एखादीच कडी आखडलेली असते. हे साधे गणित आहे. चेन ११२ कड्यांची आणि चेनव्हील ४४ दातांचे असेल, तर चेनचा पूर्ण वेढा व्हायला पायडलला अडीच फेऱ्या लागतात. चेन हाताने उलटी हळूहळू फिरवली की मागच्या दातांवरून जाताना ती कडी थबकलेली दिसते. ती हाताने आडवी हलवून मोकळी केली आणि तेलाचा थेंब दिला तर बरेचदा काम होते. नवी चेन घालायची गरज नसते.

जोर दिल्यावर पायडल सटकते, याला दोन कारणे असू शकतात आणि ती वेगळी ओळखता येतात. चेन दातांवरून उडी मारताना दिसली तर चेन किंवा दात झिजले आहेत. चेन आणि फ्रीव्हीलचे दात व्यवस्थित फिरत आहेत, पण चाकच पुढे जात नाही, तर फ्रीव्हीलच्या आतले खटके घाणीने चिकटले किंवा झिजले आहेत. पहिल्या दुखण्यात फ्रीव्हील धुऊन उपयोग नाही. दुसऱ्या दुखण्यात चेन बदलून उपयोग नाही. चुकीचा खर्च होतो तो इथेच. हे दुखणे धोक्याचेही आहे. शहरातून जाणारा महामार्ग ओलांडताना माणूस पायडलवर उभा राहून जोर देतो, आणि नेमक्या त्या क्षणी पाय सटकला तर तोल जातो.

चेन वारंवार उतरत असेल तर साध्या सायकलीत आधी ताण पाहावा. चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली केले तर साधारण अर्धा इंच हालचाल हवी. जास्त असेल तर मागच्या चाकाचे नट सैल करून चाक मागे ओढावे आणि ते दोन्ही बाजूंनी सारखे, सरळ आहे हे पाहून घट्ट करावे. गिअरच्या सायकलीत गिअर रेंगाळत असेल, विशेषतः मोठ्या चकतीवर चढत नसेल, तर बहुधा केबल सैल पडली आहे किंवा पावसाने गंजली आहे. मागच्या गिअरपाशी केबल शिरते तिथला फिरता नट पाव फेरी बाहेर सोडला की ताण वाढतो. बारीक स्क्रू आधी पिळत बसू नयेत. ते चेनला दोन्ही टोकांना थोपवण्यासाठी असतात. सायकल उजव्या बाजूला पडल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल तर गिअर ज्या कानावर टांगलेला असतो तो वाकला का, हे आधी पाहावे.

खान्देशात या सगळ्याला धुळीची जोड मिळते. काळ्या मातीची बारीक धूळ, ४४-४५ अंशांपर्यंत जाणारा उन्हाळा आणि त्यात सुकून जाणारे तेल. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ मध्ये चेनमध्ये किती शक्ती वाया जाते हे मोजले गेले. सर्वोत्तम स्थितीत पायांची ९८.६ टक्के शक्ती पुढे पोहोचली, सर्वात वाईट स्थितीत ८१ टक्के. मोठ्या दातेरी चकत्या आणि चेनचा पुरेसा ताण यांचा फायदा दिसला. कोणते तेल, याने प्रयोगशाळेत फारसा फरक पडला नाही. संशोधकांचा अंदाज असा, की तेलाचे मोठे काम म्हणजे सांध्यांतली जागा अडवून घाण आत येऊ न देणे. प्रयोगशाळेत धूळ नव्हती. मेहरूणच्या रस्त्यावर ती आहे, म्हणून इथे हे काम महत्त्वाचे.

पण तेल भरपूर ओतण्याची रीत उलटी पडते. बाहेर राहिलेले तेल धूळ धरते, दोन्हींचा काळा लेप होतो आणि तो पॉलिशच्या कागदासारखा धातू घासतो. आधी चिंधीने चेन पुसावी, मग प्रत्येक फिरकीवर एकेक थेंब सोडावा, पायडल उलटे फिरवावे आणि बाहेरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. गाड्यांचे काढलेले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून चेनला लावणे थांबायला हवे. त्यात धातूचा कीस असतोच, शिवाय कर्करोगाशी संबंध असलेली घातक संयुगेही असतात, आणि ती हाताला, कपड्यांना लागतात.

शरीराशी याचा संबंध सरळ आहे. गिअर सर्वात लहान चकतीवर अडकला की माणूस तसाच जोर लावत राहतो. प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जास्त भार येतो. गुडघेदुखीची कारणे अनेक असतात, पण सायकल चालवल्यावरच दुखणाऱ्या गुडघ्यासाठी सीटची उंची आणि गिअरची केबल पाहणे हा उपचाराचाच भाग मानावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. कामावर जाण्यायेण्यात तो आपोआप होतो, पण सायकल चालती असेल तरच.

सगळ्यात जास्त पणाला लागते ते मुलींचे शिक्षण. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत येण्याजाण्यासाठी सायकल मिळते. २०२२ मध्ये हे अनुदान साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाले. योजना चांगली आहे. पण अनुदान खरेदीचे आहे, आणि आठवीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत चालायची आहे. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या मागे मदतनीसांचे पथक होते. रोज चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या मुलीमागे कोणी नसते. वाटेत चेन उतरली तर तिला ती स्वतःच बसवावी लागते, नाहीतर सायकल हातात धरून चालत जावे लागते.

यावर कोणी म्हणेल, की मिस्त्री कशासाठी आहेत? मिस्त्री हवेतच; फ्रीव्हील उघडणे किंवा एक्सलचे छर्रे बदलणे हे त्यांचेच काम. पण प्रत्येक वाडी-वस्तीवर सायकलचा मिस्त्री नाही, आणि दुखणे नेमके सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम मिस्त्रीही लवकर आणि कमी पैशांत करू शकतो. चांगले रस्ते आणि सुरक्षित कडा आधी हव्यात, हा दुसरा आक्षेपही खरा आहे. त्यांची मागणी सोडण्याचे कारण नाही. पण रस्त्याला निधी, निविदा आणि वर्षे लागतात. चेन मोजायला पाच मिनिटे लागतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी सुचवले आहेत. त्यांतला एक दिवस सायकलला द्यावा. गावातल्या किंवा जवळच्या मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावे आणि मुलामुलींनी आपापली चेन मोजावी, पुसावी, उतरवून पुन्हा बसवावी. अर्धा इंच, २४ कड्या, टक्केवारी, अडीच फेऱ्या: गणिताचा आणि विज्ञानाचा तासही त्यातच होतो. शाळेत एक पाना, तेलाची बाटली, चिंध्या आणि फूटपट्टी कायम ठेवावी. सायकल वाटपाच्या कार्यक्रमात भाषणे थोडी कमी करून पंधरा मिनिटे याच प्रात्यक्षिकाला दिली, तर त्या सायकलींपैकी जास्त सायकली बारावीच्या परीक्षेपर्यंत रस्त्यावर राहतील.