आपली बचत जाते कुठे?

मैत्रिणींनो, भिशी कशी चालते हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बारा जणी, दरमहा दोन-दोन हजार, आणि महिन्याला एकीच्या हातात चोवीस हजार. जिची चिठ्ठी पहिल्याच महिन्यात निघते, ती खरं तर कर्ज घेते. जी शेवटी उचलते, तिची बचत होते. एकीची बचत म्हणजे दुसरीचं कर्ज. देशाच्या अर्थव्यवस्थेतही हेच चालतं.

बँक म्हणजे अनोळखी माणसांची मोठी भिशीच. आपल्याकडे 1970 मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक आणि 1973 मध्ये कल्याण जनता सहकारी बँक सुरू झाली. लोकलचे धक्के खाऊन कमावलेला पगार आणि त्यातून घरच्या बाईनं वाचवलेले पैसे अशा बँकांत ठेव म्हणून येतात. काही भाग नियमाप्रमाणे राखीव राहतो, काही सरकारी रोख्यांत जातो. उरलेल्यातून कुणाचं दुकान, कुणाचा फ्लॅट, कुणाचं यंत्र उभं राहतं. त्या कर्जदारानं भरलेल्या व्याजातूनच आपलं व्याज येतं.

पोस्टाच्या आरडीचे पैसे राष्ट्रीय अल्पबचत निधीत जाऊन सरकारला कर्जाऊ मिळतात. सोन्याचं मात्र तसं नाही. आपल्या देशातलं बहुतेक सोनं आयात होतं. ते अडीनडीला कामाला येतं हे खरं, पण कपाटात पडून असेपर्यंत त्यातून नवा धंदा उभा राहत नाही.

2022-23 मध्ये देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम 5 टक्क्यांवर आली, तेव्हा बराच गवगवा झाला. पण आपण उधळ्या झालो, असा त्याचा अर्थ नव्हता. हा आकडा कर्ज वजा करून काढतात, आणि त्या वर्षी घरांनी कर्जं खूप घेतली होती. फ्लॅटचा हप्ता सुरू झाला की आरडी बंद होते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. भिशीत पैसे कुणी उचलले ते आपल्याला दिसतं, बँकेत दिसत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. त्या बँकेच्या कर्जांपैकी 70 टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. भिशीत एकीनंच एवढे पैसे उचलले असते, तर बाकीच्या अकराजणी गप्प बसल्या असत्या का?

सहकारी बँकेत तर आणखी एक गंमत आहे. कर्ज घेणाऱ्याला सभासद व्हावं लागतं, म्हणून त्याला मत असतं. नुसत्या ठेवीदाराला ते नसतं. म्हणजे पैसे देणारीलाच आवाज नाही! म्हणून थोडे शेअर घेऊन सभासद व्हा, वार्षिक सभेला जा, अहवालातली थकीत कर्जं बघा. मात्र शेअरच्या रकमेला विमा नसतो. ठेवींना फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत, सगळ्या शाखा आणि व्याज धरून, एका ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत विमा आहे. त्याहून जास्त रक्कम असेल तर ती दोन बँकांत विभागून ठेवा.

ठेव ठेवणं म्हणजे उसने पैसे देणंच. आणि उसने देणारीनं चौकशी केली, तर त्यात लाजायचं काय?