सुसिता आणि व्याजाचे गणित



गेली तीन वर्षे आमच्या घरात एका जुन्या मोटारीचा विषय चालू आहे. अनेक कुटुंबांत असा एखादा हौसेचा विषय असतोच. सबब आमचा अनुभव येथे मांडीत आहे.

मोटार म्हणजे सुसिता. हैफाच्या ऑटोकार्स कारखान्यात १९६०च्या दशकात तयार होणारी, फायबरग्लासच्या अंगाची. किन्नेरेतच्या पूर्वेकडील डोंगरावरच्या प्राचीन नगराचे नाव तिला दिलेले. उंट तिचे अंग कुरतडून खातात, ही थट्टा आपण सर्वांनी ऐकली आहेच. माझे मामंजी या देशात आले तेव्हा बेर-शेव्यातील एका दुकानाची सुसिता चालवून त्यांनी संसार उभा केला. ती गाडी त्यांची कधीच नव्हती. त्यांना एकदा तरी घरच्या सुसितेत बसवावे, असे यजमानांच्या मनाने घेतले. मामंजींचे वय तेव्हा ८६ होते.

इच्छा थोर; परंतु घरात पगार दोन, आणि तेही बेताचे. यजमान सगळी रक्कम कर्जाने उभी करावयास निघाले. माझा केरेन हिश्तलमुत मोडावा, अशीही सूचना पुढे आली. अभ्यासासाठी साठविलेला तो पैसा मोटारीत घालण्यास मी साफ नकार दिला. ऋण काढून सण करू नये, पूर्ण रक्कम साठेपर्यंत थांबावे, असा माझा हट्ट होता.

अखेर वही-पेन्सिल घेऊन आम्ही दोघे हिशेबास बसलो. हिशेबापुरती किंमत २०,००० शेकेल व व्याज द.सा.द.शे. ८ धरू. सर्व रक्कम चार वर्षांच्या कर्जाने घेतली, तर हप्ता सुमारे ४८८ शेकेल आणि एकूण व्याज सुमारे ३,४३६. तोच हप्ता दरमहा स्वतःच बाजूस टाकला, तर ४१ महिन्यांत गाडी बिनव्याजी येते. तिसरा मार्ग असा की, २१ महिने साठवून अर्धी रक्कम उभी करावी व उरलेली दोन वर्षांच्या कर्जाने घ्यावी. त्यात व्याज अवघे ८५५ च्या आसपास पडते, आणि गाडी २० महिने लवकर दारात येते.

वर्गात मी वर्षानुवर्षे व्याजाची उदाहरणे घातली. पण व्याज ही काळाची किंमत आहे, हे मला त्या रात्री उमगले. आम्ही तिसरा मार्ग धरला. शेजारच्या भगिनींबरोबर भिशी लावली. दरमहा रक्कम बाजूस टाकताना घरखर्चाची ओढाताण होते की नाही, याचीही आपसूक परीक्षा झाली.

मोटार पाहतानाही धडे मिळाले. रंगाला भुलू नये. सुसितेचे अंग गंजत नाही, परंतु खालची पोलादी चौकट गंजते; म्हणून गाडी वर उचलून जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावी. फायबरग्लासला बारीक तडे आहेत काय, हे उजेडात पाहावे. बहुतेक गाड्यांत फोर्डचे इंजिन असल्याने त्याचे भाग इंग्लंडहून मागविता येतात. मूळ दिवे व पट्ट्या मात्र कष्टाने मिळतात. आम्ही किंमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम दुरुस्तीसाठी निराळी ठेवली होती. ती ब्रेक, टायर व वायरिंगमध्येच संपली.

तीस वर्षांवरील मोटारीची संग्राहकाची गाडी म्हणून नोंद करता येते व परवान्याचे शुल्क कमी पडते. तथापि आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी ती रस्त्यावर नेता येत नाही. थोडक्यात, शाळेला मी अजूनही बसनेच जाते. अशी गाडी रोजच्या गाडीची जागा घेत नाही, हे घेण्याआधीच मनाशी पक्के करावे.

गाडी आली त्या दिवशी मामंजी काठी टेकीत खाली आले. चाकामागे बसून त्यांनी गिअरवर हात ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, हा अजून तसाच हट्टी आहे गं." मग यजमानांना बाजूस बसवून नव्हे, तर स्वतः बाजूस सरकून ते म्हणाले, "चल, आता तू चालव."

पुढल्या हिवाळ्यात ते गेले. माझ्या हट्टाप्रमाणे ४१ महिने थांबलो असतो, तर त्यांनी ती गाडी पाहिली नसती. यजमानांच्या मताने सगळे कर्ज काढले असते, तर चौपट व्याज भरीत बसलो असतो. कर्जाचे हप्ते अजून सात राहिले आहेत. ते भरताना मला जड वाटत नाही.

हौसेसाठी कर्ज काढू नये, असे मी आता म्हणत नाही. आपण किती काळ विकत घेत आहो आणि तो कोणासाठी, एवढे आधी मांडून पाहावे. असो. पुढील अंकी पुन्हा भेटू.